माझ्या नावावरची गळती

नळ सोडला की त्यातून पाणी यावे, अशी आमच्या घरात जुनी पद्धत होती. ती एका मंगळवारी सकाळी मोडली. नळाने आधी खाकरल्यासारखा आवाज केला, वाटीभर तपकिरी पाणी टाकले आणि तो गप्प बसला. घरात आम्ही तिघे: मी, माझी बायको आणि खुब्याचे हाड मोडल्यामुळे रस्त्याकडच्या खोलीत पलंगाला खिळलेली माझी आई. आईचे अंग पुसणे, चादरी बदलणे, पलंगावरचे भांडे धुणे, ही सगळी पाण्याचीच कामे. त्यामुळे पाणी नसणे ही आमच्याकडे नुसती गैरसोय नव्हती, हे सुरुवातीलाच नमूद करून ठेवतो. पुढे ते कोणीच नमूद करून घेतले नाही.

प्लंबरला बोलावले. त्याने लोखंडी सळईचे एक टोक जमिनीला आणि दुसरे कानाला लावले, आणि तो फाटकापासून रस्त्यापर्यंत सळई टेकवत गेला. रस्त्याच्या कडेला थांबून त्याने कुदळ मागितली. गुडघाभर खणल्यावर आमचा पाइप दिसला. तो पाइप आहे असे प्लंबरने सांगितले म्हणून आम्ही मानले, एरवी ते नुसते गंजाचे लांबट ढेकूळ होते. प्लंबरने नखाने त्यावरची खपली काढली आणि पाण्याची धार थेट त्याच्या तोंडावर आली.

"याला जोड लावून उपयोग नाही, काका," तोंड पुसत तो म्हणाला. "आज इथे लावला तर उद्या हातभर पुढे फुटेल. मोठ्या लाइनपासून तुमच्या घरापर्यंत अख्खा पाइप बदलावा लागेल. प्लास्टिकचा टाकू, मग तुमच्या हयातीत बघायला नको."

"मग टाका की."

"मी कसा टाकणार? रस्ता खणायला खात्याची परवानगी लागते. ती आणा, एका दिवसात काम करून देतो." तोवर तात्पुरती सोय म्हणून त्याने छिद्रावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. त्याच धारेखाली त्याने हात धुतले, यावरून पट्टीचा उपयोग किती झाला ते कळावे.

इथे एक खुलासा केला पाहिजे. आमचे कनेक्शन फार जुने, थेट मोठ्या जलवाहिनीवरचे, आणि तिला रात्रंदिवस पाणी असते. गल्लीतली बाकी घरे नव्या लाइनवर. त्यांना पहाटे तासभर पाणी येते, तेही खात्याची मर्जी असेल तर. गल्ली पहाटे उठून पिंपे भरायची आणि आम्ही उशिरा उठून तिला पाणी जपून वापरण्याचा सल्ला द्यायचो. आता आमच्या घरात थेंब येत नव्हता आणि रस्त्याच्या कडेला मात्र अखंड धार सुरू होती.

पाइप बदलण्याचा अर्ज घेऊन मी पाणीपुरवठा खात्यात गेलो. उपअभियंता साहेब भले गृहस्थ होते. त्यांनी मला बसायला सांगितले, पण खुर्चीवर फायली असल्यामुळे मी उभाच राहिलो.

"गळती आहे हे कशावरून म्हणता?" त्यांनी विचारले.

"पाणी वाहतंय, साहेब."

"पाणी वाहतंय म्हणजे पुरवठा आहे. पुरवठा असताना तक्रार कसली?"

"पण घरात येत नाहीये ना."

"घरात काय होतं ते खातं बघत नाही. लोकांच्या घरात डोकावणं आम्हाला शोभतं का?" तरीही त्यांनी माणुसकीच्या नात्याने एक निरीक्षक पाठवतो म्हणून सांगितले.

निरीक्षक आले. त्यांनी छिद्राला दाबमापक लावला, बाटलीत नमुना घेतला, घड्याळ लावून धार मोजली आणि डोळे विस्फारले. त्यांचा अहवाल मी स्वतः वाचला आहे. 'सदर ठिकाणी पाण्याचा दाब उत्तम असून पुरवठा अखंड आहे. संपूर्ण विभागात असा पुरवठा अन्यत्र आढळून आला नाही.' अखंड पुरवठ्याचे उद्दिष्ट गाठण्यासाठी खाते कित्येक वर्षे धडपडत होते. ते माझ्या पाइपाने नुसते फुटून गाठले.

अहवालाची बातमी खात्याबाहेर यायला वेळ लागला, पण गल्लीला अहवालाची गरज नव्हती. पहिल्या दिवशी शेजारीण संकोचत एक कळशी भरून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी पिंपे आली. त्यानंतर भांडणे झाली, आणि भांडणे झाल्यावर रीतसर समिती झाली. समितीचे अध्यक्ष म्हणून पलीकडच्या घरातले निवृत्त मुख्याध्यापक निवडले गेले. त्यांना सगळे सर म्हणतात. सरांनी कपाटातून शिट्टी शोधून काढली, रांगेसाठी रस्त्यावर चुन्याची रेघ मारली आणि गळतीला तोटी बसवून घेतली. म्हणजे पाणी वाया जायला नको.

तोटी बसल्यावर माझ्या जिवात जीव आला. धार अडली, आता तरी पाणी पुढे घरात सरकेल. पण तोटी बंद व्हायला वेळच मिळत नव्हता. एकाची बादली भरली की दुसऱ्याची खाली लागे.

खात्यात मात्र पेच उभा राहिला. इतका उत्तम पुरवठा कागदावर 'गळती' म्हणून दाखवणे बरे दिसेना. त्यावर तीन बैठका झाल्या आणि छिद्राला 'अखंड पुरवठा केंद्र' असा दर्जा देण्यात आला. केंद्र म्हटल्यावर ओटा आला, ओट्यावर छप्पर आले आणि छपरावर उद्घाटकांचा फोटो आला. ओटा नेमका आमच्या फाटकासमोर बांधल्यामुळे फाटक उघडेना. आम्ही कुंपणावरून ये-जा करायला शिकलो. बायको एका दंतवैद्याकडे स्वागतिका आहे. ती रोज तिथून कॅन भरून आणायची आणि कुंपणावरून माझ्या हातात द्यायची.

उद्घाटनाला लोकप्रतिनिधी आले. "या गृहस्थांनी स्वतःच्या घरचं पाणी समाजाला दिलं," असे म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला, आणि टाळ्यांच्या गजरात मला चौकटीतले मानपत्र दिले. मी माईकजवळ जाऊन म्हणालो, "मी दिलं नाही हो, पाइप फुटलाय." त्यावर लोक आणखी जोरात टाळ्या वाजवू लागले. माझ्या नम्रतेचा उल्लेख आभारप्रदर्शनात झाला.

मानपत्र आईला दाखवले. तिने ते उलटसुलट करून पाहिले. "याने अंग पुसता येईल का रे?" तिने विचारले.

दुसऱ्या दिवशी मी सरळ बादली घेऊन रांगेत उभा राहिलो. मानापमानाचे दिवस संपले होते. माझी पाळी आली तेव्हा सरांनी शिट्टी वाजवली.

"तुम्हाला घेता येणार नाही," ते म्हणाले. "हे केंद्र फक्त अशा लोकांसाठी आहे, ज्यांचं मोठ्या लाइनवर स्वतःचं कनेक्शन नाही. तुमचं आहे."

"सर, हेच माझं कनेक्शन आहे! तुम्ही त्याच्यावरच उभे आहात!"

"तेच म्हणतो मी. ज्याच्याकडे आहे त्यानेही रांगेत यायचं, तर गरजूंनी जायचं कुठे?" मागची सगळी रांग माझ्याकडे बघत होती. हावरट माणसाकडे कसे बघतात, ते मला त्या दिवशी कळले.

तुम्ही म्हणाल, मग ते कनेक्शनच सोडून द्यायचे. मलाही हेच सुचले. कनेक्शन नसलेला माणूस झालो की रांगेत उभे राहायचा हक्क मिळेल. मी अर्ज लिहून पुन्हा उपअभियंता साहेबांपुढे उभा राहिलो. अर्ज वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"असं काही करू नका," ते कळवळून म्हणाले. "कनेक्शन तुमच्या नावावर आहे, म्हणून तर ते केंद्र कायदेशीर आहे. तुम्ही सोडलंत की ती पाणीचोरी होईल. अख्ख्या गल्लीला आम्हाला पकडावं लागेल. सरांनासुद्धा."

"मग माझा पाइप बदलून द्या."

"पाइप बदलला तर केंद्र बंद पडेल. केंद्र बंद पडलं तर विभागाचा अखंड पुरवठा शून्यावर येईल. तुम्ही एक सुशिक्षित माणूस आहात." एवढे बोलून त्यांनी मला पाणी विचारले. मी दोन पेले प्यायलो आणि लाज सोडून रिकामी बाटली पुढे केली. ती त्यांनी भरून दिली, एवढे त्यांचे उपकार मान्य केले पाहिजेत.

घरी आलो तर बायको स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती.

"अहो, आई पाणी पीत नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दोन दिवस झाले. मी दिलं की ओठ ओले करतात आणि पेला उशीमागे ठेवतात. प्यायलं की भांडं द्यावं लागतं, भांडं दिलं की धुवावं लागतं, आणि धुवायला पाणी कुठंय, म्हणतात."

मी आईच्या खोलीत गेलो. उशीमागे खरोखरच पेला होता, भरलेला. खिडकीबाहेर, हाताच्या अंतरावर म्हणता येईल अशी, माझ्या पाइपाची धार कोणाच्या तरी पिंपात पडत होती. मला रडू आले. आई म्हणाली, "रडू नकोस, आणखी तहान लागते." मग मी तिच्यासमोर बसून तिला तो पेला संपवायला लावला.

आणि मग चमत्कार झाला. खात्यात पाइप बदलणारा विभाग वेगळा आणि केंद्र चालवणारा विभाग वेगळा. दोघे एकाच मजल्यावर बसत असले तरी एकमेकांना ओळखत नसत. माझा अगदी पहिला अर्ज पहिल्या विभागात चुकून मंजूर झाला. एका सकाळी गाडी आली, निळ्या पाइपाची गुंडाळी उतरली, मुकादमासह चार मजूर उतरले आणि आमचा प्लंबरही हसत हसत आला.

"दुपारपर्यंत नळ सुरू, काका," तो म्हणाला. बायकोने सुट्टी घेतली. आईने अंघोळीसाठी केस सोडले.

पहिली कुदळ पडायच्या आत सरांची शिट्टी वाजली. घराघरातून माणसे बाहेर आली आणि ओट्याभोवती कडे करून बसली. बादल्या वाजू लागल्या. 'आमची गळती, आमचा हक्क' असा फलक इतक्या लवकर रंगवून कसा झाला, देव जाणे. मुकादमाने मला बाजूला घेतले. "साहेब, तुमच्या एका घरासाठी एवढ्या लोकांना तहानलेलं ठेवायचं का? तुम्हीच सांगा." मी सांगितले, पण बादल्यांच्या आवाजात ते त्याला ऐकू गेले नाही. गाडी पाइपासकट परत गेली.

आतापर्यंत हे वाचताना तुम्ही हळहळत होता, खात्याला शिव्या देत होता, हे मला ठाऊक आहे. या देशात सामान्य माणसाला कोणी वाली नाही, असेही एकदा म्हणून झाले असेल. पण त्या कड्यात पहिल्या रांगेत कोण बसले होते, ते मी पाहिले आहे. तुम्हीच होतात. बादली वाजवण्यात तुमचा हात कोणी धरू शकत नव्हते.

गाडी गेल्यावर गर्दी पांगली. तुमची पाळी होती, म्हणून तुम्ही मागे राहिलात. बादली भरता भरता तुमचे लक्ष कुंपणाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे गेले आणि तुम्ही अगदी मनापासून जवळ आलात.

"आईंची तब्येत कशी आहे हो?" तुम्ही हळू आवाजात विचारलेत. "फार हाल होत असतील. काही लागलं तर हक्काने सांगा. संकोच करायचा नाही."

"पाणी लागेल," मी म्हणालो. "एवढी बादली द्या."

तुम्ही बादलीकडे पाहिलेत, माझ्याकडे पाहिलेत, आणि तुम्हाला खरेच वाईट वाटले.

"पाणी सोडून हो," तुम्ही म्हणालात, आणि एक थेंबही न सांडता बादली घरी घेऊन गेलात.