मानपत्रामागची ओल

श्रीसूर्यनारायण प्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, आषाढ वद्य पंचमी. सूर्यनारायण ते समयी वीस रोज प्रसन्न नव्हते, दृष्टीसही पडले नव्हते, परंतु लिहावयाची रीत म्हणोन लिहिले.

अमुक एक संस्थान होते, तीन मजले, बारा बिऱ्हाडे. तेथील अधिपती अच्युतपंत, इमारतीच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांणी मागील साली गच्चीवर डांबर घालोन गळतीचा मोड केला, आणि रयतेने संतोषोन मानपत्र दिले, आणि त्यात वाक्य होते, 'पंतांनी ओल नाहीशी केली.' मूळ मसुद्यात 'कमी केली' ऐसे होते. 'नाहीशी' हा शब्द पंतांनी स्वहस्ते घातला. आणि त्याच विजयाचे भरात दुसरा हुकूम सुटला, की गॅलरीत वस्त्रे वाळत घालिता इमारतीची शोभा जाते, सबब कोणी घालू नयेत. मग हुकुमाची अंमलबजावणी अध्यक्षांचे घरापासोन आरंभिली, आणि साड्या, पंचे, चादरी निजावयाचे दालनात दोरीवर चढोन अहोरात्र ठिबकू लागल्या.

मग आषाढ लागला आणि कपाटामागोन काळा गनीम निघाला. आधी मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा, मग पोळीएवढा जाहला. पंतांच्या पत्नी कुमुदबाई, त्यांस खोकला लागला, आणि वैद्यांनी सांगितले की या दालनाची हवा बाधते. तेव्हा बाई बोलिल्या, “अहो, भिंतीला बुरशी आलीय.”

“बुरशी? छे! सावली आहे ती.”

“सावली बोटाला लागत नाही,” ऐसे म्हणोन बाईंनी काळे बोट पंतांचे नाकासमोर धरिले.

पंत मनी चरकले. ओल आहे म्हणावे, तर गच्ची फुटली; गच्ची फुटली, तर मानपत्र खोटे; आणि मानपत्र खोटे, तर जिन्यात तोंड कैसे दाखवावे? मग मसलत केली, ती एकट्यानेच केली, आणि बैठकीतले मानपत्र आणोन सर्वांत मोठ्या डागावर टांगिले.

“हे इथं कशाला?”

“निजताना दिसावं म्हणून.”

“डोळे मिटल्यावर?”

पंतांनी बाहेरची दमट हवा रोखावयासी चारी खिडक्या लाविल्या, फटींत वर्तमानपत्रे कोंबिली, आणि किल्ला बंदोबस्तात आहे ऐसे मानोन स्वस्थ बसले. गनीम आत, वेशी बंद, आणि त्याची रसद दोरीवर ठिबकते आहे, ऐसा वेढा कोणत्याही दौलतीत कोणी घातला नसेल. आणि कुमुदबाईंचा दम वाढला, दोन वाक्यांमध्ये थांबावे लागू लागले. मग एके सकाळी बाई पिशवी भरता भरता बोलिल्या, “गुरुवारी दादा गाडी पाठवतोय. आमच्याकडे पाऊस नाही, पण श्वास तरी पुरता घेता येतो. तुम्ही राहा तुमच्या मानपत्रापाशी.” चौतीस वर्षांत बाई आठ रोजांहून अधिक माहेरी राहिल्या नव्हत्या, आणि या खेपेस परतीचा दिवस सांगितला नाही.

मग पंतांनी डांबर घालणारे लतीफमियां यांस मागल्या जिन्याने गुपचूप आणिले. मियांनी गच्ची पाहिली, भिंत पाहिली, आणि दोरीवरची चादर पिळोन पाहिली.

“गच्ची ठणठणीत आहे, साहेब. वरून थेंब नाही. पण हे पाणी जातं कुठं?”

“वाळतं.”

“वाळून कुठं जातं?”

पंत दोन विषयांत एम.ए. होते, परंतु त्यांत हा विषय नव्हता.

मियां बोलिले, “खिडक्या बंद, कपाट भिंतीला चिकटलेलं. ओल वरून नाही आली, साहेब. रोज बादलीनं तुम्हीच आत आणली.”

मग मानपत्र उतरविले, तो गनीम चौकटीत शिरोन कागद खाऊ लागला होता. एक शब्द पुरता काळा जाहला होता, बाकी अक्षर शाबूत. कुमुदबाईंनी मोठ्याने वाचिले, “पंतांनी ओल... केली.” आणि बाई हसल्या, खोकल्या, पुन्हा हसल्या. “शिकलेली दिसते हो बुरशी. तुमचाच शब्द नेमका काढला.”

गुरुवारी गाडी आली आणि बाई गेल्याच. मग पंतांनी नाकास फडके बांधिले, खिडक्या उघडिल्या, भिंत साबणाच्या पाण्याने घासोन कोरडी पुसली, कपाट वीतभर पुढे ओढिले, पंखा फिरता ठेविला, वाफ घरात पसरू नये म्हणोन भाताचे पातेल्यावर झाकण घातले. आणि मग जे काम अवघड, ते केले. खाली जाऊन फळ्यावर सर्वांदेखत लिहिले, 'वस्त्रांविषयीचा हुकूम चुकीचा होता. माझे घरी बुरशी आली. गॅलरीत छपराखाली वाळत घालावीत.' तिसऱ्या मजल्यावरचे नेनेकाका जिन्यात बोलिले, “काय पंत, शोभा गेली का?” पंत बोलिले, “गेली. वारा आला.” आणि पहिली साडी स्वहस्ते बाहेर टांगिली.

नवव्या दिवशी कुमुदबाई परतल्या. पादत्राणे काढिली, पाणीही न पिता आत गेल्या आणि कपाटामागे बोट फिरवोन उजेडात धरिले. बोट कोरे होते. बाईंनी एक लांब श्वास घेतला, तो मध्ये कोठे अडकला नाही.

“नाहीशी झाली म्हणायची?”

पंतांनी खिडकी आणखी उघडिली.

“कमी झाली,” बोलिले.

येणेप्रमाणे मोहीम जाहली. जखमी कोणी नाही, मानपत्र एक कामास आले. भाद्रपद अजून बाकी आहे, आणि खिडकी उघडी आहे.