अनुबाईचा दोरा

केडगावातले आमचे शेजारी शंकरनाना सकाळी भेटतात तेव्हा त्यांचा उजवा हात काखेपर्यंत माशांच्या टाकीत असतो. त्याच अवस्थेत ते खिडकीतून हाक मारतात, "ओ मास्तर, अनुबाईला पान आलंय! बघून जावा!"

नानांनी जन्मभर शिवणकाम केलं. मशीन गेली, पण दोऱ्याचा नाद राहिला. टाकीतल्या शोभेच्या एकाही वस्तूला त्यांनी मोकळं सोडलेलं नाही. कमानीवर झाड, फुटक्या कपाच्या कानाला झाड. चिनी मातीच्या बेडकाला तर दोन्ही बाजूंनी लोंबणारं शेवाळ बांधून त्यांनी नवरदेवच केलाय. दुकानदार ज्या रोपाला अनुबियास म्हणतो, ती नानांची अनुबाई. तिचं खोड वाळूत पुरलं की कुजतं, म्हणून ती दोऱ्यानं बांधायची. हा नियम नाना सगळ्या जगाला लावतात. मी बदली होऊन इथं आलो तेव्हाही म्हणाले, "गाडून घिऊ नका. नुसतं टेकून ऱ्हावा. मुळं आपसूक धरत्यात."

शाळेला उशीर होतोय म्हणून मी पुष्कळदा ती पानं न बघताच सटकलो. नानांची बायको, सरलाकाकू, वारल्यानंतर तर हाका वाढल्या आणि माझं सटकणंही वाढलं.

गेल्या वर्षी नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुलीकडे शिर्डीला गेले. किल्ली माझ्याकडे दिली. "चिमूटभर खाणं टाका. बाकी कशाला हात लावू नका."

मी लावला. टाकीतल्या झोपडीवर अनुबाई ऐसपैस पसरली होती, पण तिच्या बुडाशी काळ्या दोऱ्याचे वेढे दिसत होते. मुळांनी झोपडी घट्ट धरली होती, मग दोरा कशाला? नाना खूश होतील म्हणून मी तो कात्रीनं कापला, ओढून काढला आणि कचऱ्यात टाकला.

नाना परत आले ते काळा चष्मा लावून. पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांनी टाकीत हात घातला. बोटं झोपडीभोवती फिरली, पुन्हा फिरली.

"मास्तर, दोरा?"

"कापला. मुळांनी धरलंय ना आता."

"व्हय. धरलंय." त्यांनी हात पाण्यातच ठेवला. "माझ्या डोळ्यांला दिसंना झालं हुतं तवा आमच्या हिनं बांधली हुती ती. तिला लई किळस पाण्याची. तरी बांधली."

घंटागाडी दोन दिवसांपूर्वीच येऊन गेली होती.

नानांनी हात बाहेर काढून धोतराला पुसला. रागावले असते तर बरं झालं असतं. उलट हळूच, अगदी लाजत विचारलं, "गाठ कशी मारली हुती वो तिनं? साधी का दुहेरी? मला दिसलीच न्हाई कधी."

मी आठवायचा फार प्रयत्न केला. पण कापताना मी गाठीकडे बघितलंच नव्हतं.