एकोणीस खिशांचा कोट

हवालदारकाका मासे धरायला जात आणि पिशवी रिकामीच घेऊन परत येत. आमच्या पोलादपुरात गळाला मासा न लागलेले लोक पुष्कळ आहेत. लागलेला मासा दोन्ही हातांत धरून, त्याच्याशी चार शब्द बोलून, परत सावित्री नदीत सोडणारा माणूस मात्र हा एकच. सुरुवातीला गावातली मांजरं त्यांच्या मागे मागे फिरत. पुढे त्यांनीही नाद सोडला.

काका फौजेत होते. वर कुठेतरी थंड डोंगरात नेमणूक असताना त्यांनी एका साहेबाला गळ टाकताना पाहिलं. त्या गळाला ना गांडूळ, ना कणकेची गोळी. पिसं आणि दोरा बांधून केलेली एक खोटी माशी, बस्स. ती पाण्यावर अलगद उतरवायची, माशाने झडप घातली की त्याला जवळ आणायचं, बघायचं आणि सोडून द्यायचं. पेन्शनीबरोबर काका हे वेडही गावी घेऊन आले. साहेबाची चकचकीत सामग्री मात्र त्यांना पसंत नव्हती. काकांची काठी वरच्या कुडपण गावच्या बांबूची, दोरी रेशमाची, करंजेल चोपडलेली. माश्या शेजारच्या कोंबड्यांनी टाकलेल्या पिसांच्या. गळाला बांधायचा नायलॉनचा दोरा, तंगूस, त्यांना चालत नसे, कारण "तुटून नदीत ऱ्हायला तर आपली नातवंडं मरतील, त्यो नाय मरायचा." शिशाचं वजन चालत नसे, त्याऐवजी दोऱ्यात गुंडाळलेला खडा. गळाचा उलटा दात तर ते कानशीने घासून सपाट करत, मासा सोडताना त्याचा ओठ फाटू नये म्हणून. असं का, म्हणून विचारलं की उत्तर एकच: "आपून येऊन गेलो ह्ये नदीला कळता नये."

आता माझं सांगते. मी ब्लाऊज शिवते. पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमारास यजमान गेले आणि मी एसटी स्टँडामागच्या गल्लीत एक खोली घेऊन शिलाई मशीन मांडली. सासरी काही छळ नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू? पण तिथे मी जिथे टेकेन तिथून मला कुणीतरी उठवायचं. भाकऱ्या टाक, गुरं बघ, पाणी आण. ह्या खोलीत मशीनपुढचं स्टूल माझं होतं. धाकटे दीर भले माणूस. त्यांनी मला वर्षाची मुदत दिली होती. "वर्षभर बघ वैनी. नाय जमला तर घरी ये. गुरांकडं मानूस लागतंच हाय." ते वर्ष माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं. गिऱ्हाईक म्हणाल तर नवी फॅशन हवी असलेल्या सगळ्या बायका एसटीत बसून महाडला जायच्या, आणि जुनीच फॅशन हवी असलेल्या स्वतः हाताने शिवायच्या.

अशा दिवसांत काका सहा जुन्या छत्र्या घेऊन दारात उभे राहिले.

"शालन गो, ह्याचा कोट शिव."

"काका, मी फक्त ब्लाऊज शिवते."

"मंग? कोट म्हंजे लांब बाह्यांचा मोठा ब्लाऊजच की!"

छत्र्या उन्हाने विटून मातकट झालेल्या होत्या. घरोघर फिरून तशाच निवडून आणल्या होत्या त्यांनी. नवी काळी छत्री का नको, तर माशाला ती पाणकावळा वाटते. नवं कापड का नको, तर आधीच जगात कापड फार झालंय. बटणं त्यांनी करवंटी घासून स्वतःच केली होती. माप घेताना तर कहरच झाला. सरळ उभं राहून घेतलेलं माप त्यांना मंजूर नव्हतं. "मी नदीत असा उभा ऱ्हातो काय?" म्हणून त्यांनी माझी लाकडी गजपट्टी उचलली, ती खांद्यामागे नेली आणि गळ टाकतात तशी पुढे फेकली. रिळांची फळी खाली आली. रिळं गटारापर्यंत घरंगळत गेली. काकांनी एकेक रीळ उचलून, फुंकून जागेवर ठेवलं आणि म्हणाले, "आता घे काखेचं माप."

खिसे एकोणीस. एक काड्यापेटीतल्या माश्यांचा, एक भाकरीचा, एक चष्म्याचा. उरलेले सोळा रिकामे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "कळंल." कळलं ते आठवड्याभरात. काका रिकामे खिसे घेऊन नदीवर जायचे आणि भरलेले घेऊन यायचे. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, लोकांनी तोडून टाकलेले तंगुसाचे गुंते. कोट फुगलेला पाहून कुणी विचारायचं, "काय काका, आज काय घावला?"

"डावी चप्पल. उजवी अजून नदीतच हाय. सोडनार नाय तिला."

ह्या असल्या माणसाबरोबर काकीने संसार कसा केला तिचं तिला ठाऊक. काका नदीवर निघाले की ती मुद्दाम त्यांच्यादेखत सुके बोंबील भाजायला घ्यायची. आणि तो कोट! साबण नदीत जायला नको म्हणून तो रिठ्याने धुवायचा, तोही विहिरीवर. रिठे फोडता फोडता ती म्हणायची, "मला मेलीला कधी येवढा जपला नाय." पण कोट तीच धुवायची.

कोट खरंच चांगला झाला होता, हे मी माझ्या तोंडाने सांगते, कारण काकांनी ते सगळ्या तालुक्याला सांगितलं. आठवडी बाजाराच्या दिवशी ते कोट घालून माझ्या दाराशी बाकड्यावर बसायचे आणि वरच्या वाड्यांतून उतरलेल्या बायांना हाक मारायचे. "ओ मावशी! हिचा टाका बगा. तीन तास कंबरभर पान्यात व्हतो, शिवन हाललेली नाय. तुमचा ब्लाऊज काय येवढा पान्यात जानार हाय?" बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. पण हसता हसता त्या आत यायच्या, कापड चाचपायच्या आणि पुढच्या बाजाराला खण घेऊन यायच्या.

वर्ष भरलं आणि नेमके बाजाराच्याच दिवशी दीर आले. "चल वैनी. किती दिवस बसनार अशी एकटी?" माझ्या हातातली कात्री थांबली. मनातून मला वाटत होतं की बरोबरच आहे त्यांचं, कुणीही येऊन मला उठवावं, तीच रीत.

बाकड्यावरून काका म्हणाले, "ने की. पन ह्या तिघींची मापं घेतलीत तिनं, त्यांचं काय करतोस? आनि त्या गठुड्यात नऊ ब्लाऊज हायत, लग्नातले. नवरीची आई तुझ्या दारात येऊन बसली म्हंजे तू शिवशील काय?"

आत बसलेल्या तिघी जणी दिरांकडे टक लावून पाहू लागल्या. दीर लाजले. गठुड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाले, "चाललाय की तुझा, वैनी. सांगायचं तरी." जाताना त्यांनी सदऱ्याचं तुटलेलं बटण माझ्याकडून लावून घेतलं. ते गेल्यावर मी रडले, आणि काकांनी नदीकडे बघत असल्याचं नाटक केलं, खरं तर तिथून नदी दिसतच नाही.

ते स्टूल माझं राहिलं ते ह्या माणसामुळे. हे मी देवासमोर सांगेन आणि कुणी विचारलं नाही तरी सांगेन.

पुढे दोन हजार साल उलटून गेल्यावर काकी गेली. दोन दिवसांचा ताप, महाडला नेईपर्यंत संपलं. काका नदीवर जातच राहिले, पण आता कोट दर बाजाराला फाटू लागला. तोच खिसा, डाव्या बाजूचा. "करवंदीच्या काट्याला लागला गो." मी शिवायची, तोवर ते बाकड्यावर बसायचे. चहा घ्यायचे. आज कुठल्या डोहात कोणता मासा भेटला, कसा वळला, सोडल्यावर क्षणभर पायाशी कसा थांबला, सगळं सांगायचे. दीड बोटाच्या शिवणीला दोन तास लागायचे.

पाच-सहा बाजार असे गेले असतील. एकदा मी शिवण उजेडात नीट धरून पाहिली. काट्याने फाटलं की कापडाचे धागे ओढले जातात, कापड दुखावतं. इथे कापडाला ओरखडाही नव्हता. फक्त माझा दोरा, टाक्याटाक्याला, ब्लेडने सावकाश कापलेला. घरी एकट्याने बसून, चष्मा लावून.

मी वर पाहिलं. काका कपबशी गुडघ्यावर धरून बसले होते. काकी होती तोवर ठीक होतं, पण एकट्या बाईच्या दुकानात बायको गेलेला पुरुष बिनकामाचा बसला की गल्लीला विषय मिळतो. म्हणून बिचारा दर आठवड्याला काम घेऊन येत होता.  ज्याने मला बसायला जागा ठेवली, त्याला स्वतःला दोन तास बसायला कोट उसवावा लागत होता.

 त्या दिवशी तो खिसा मी कच्च्या टाक्याने टाचला, ब्लाऊज बेतताना टाचतो तसा, चार हेलपाट्यांत आपोआप सुटेल असा. मग दर बाजाराला तसाच.

दोन-तीन आठवड्यांनी काका म्हणाले, "शालन गो, हल्ली तुझी शिवन आठ दिस पन टिकत नाय."

"दोरा हलका येतोय काका. पुढच्या खेपेला बदलते."

ते त्या शिवणीवरून बोट फिरवत राहिले. केसाएवढ्या दोऱ्याने माश्या बांधणारा माणूस. कच्चा टाका त्यांना कळला नसेल असं होणारच नाही. 

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "नको बदलूस."