ऑइलचा थेंबही न खाणारं इंजिन

इंजिनचं ऑइल आपण स्वतः तपासायचं, असं मी एका बुधवारी सकाळी सव्वासातला ठरवलं. आमच्या घरातले निर्णय नोलीन घेते. हा मी घेतला. पुढचं काय ते जाणत्यांनी इथेच ओळखावं.

मी नेव्हिल हॅड्रिक. बॅलराटच्या पाणीपुरवठा कचेरीत एकतीस वर्षं धरणांच्या पाण्याची पातळी वहीत उतरवण्याचं काम केलं. (धरणं मी पाहिली नव्हती. आकडे फोनवर यायचे.) निवृत्त झाल्यावर आम्ही घर भाड्याने दिलं, एक जुनी डिझेल मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतली आणि देशभर भटकायला लागलो. आमच्या वयाची अर्धी माणसं हेच करतात. उरलेली अर्धीही करणार असतात, पण त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळत नाही.

त्या आठवड्यात आम्ही नुसते भटकत नव्हतो, तर लग्नाला निघालो होतो. नोलीनची थोरली बहीण मर्ल, वय वर्षं एकाहत्तर, शुक्रवारी सकाळी अकरा वाजता एस्परन्सला तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणार होती. नोलीन करवली. शिवाय लग्नाचा फ्रूटकेक नोलीननेच केला होता, आणि सहा आठवडे ती त्याला एका मोठ्या सिरिंजने रोज ब्रँडी पाजत होती. आजाऱ्याला सलाइन लावावं, तशा निष्ठेने. मला पाणीही मागून घ्यावं लागतं, पण तो मुद्दा वेगळा.

मंगळवारी आम्ही सेडुना गावाच्या पुढे एका कॅरॅव्हान पार्कात, म्हणजे आमच्यासारख्या गाड्यांच्या तळावर, उतरलो. संध्याकाळी रिवाजाप्रमाणे सगळे आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन गोल करून बसले. अशा बैठकीत प्रत्येकाला एक हुकमी विषय लागतो. कुणाचा मोठा मासा असतो, कुणाचा हर्निया. समोरच्या दाढीवाल्याची मगर होती. माझं इंजिन.

"चार वर्षं झाली," मी नेहमीसारखं सुरू केलं, "पण आमचं इंजिन ऑइलचा थेंब खात नाही. एकदासुद्धा घातलं नाही मी."

शेजारच्या गाडीतला गॉर्डन टकवेल हा निवृत्त रेल्वे ड्रायव्हर. त्याने घोट घेतला आणि विचारलं, "घातलं नाहीस, ठीक. पण बघितलंस का कधी?"

"कशाला बघायचं? खातच नाही."

कुणीतरी "अरेरे" म्हणालं. मी आधारासाठी नोलीनकडे पाहिलं. ती विणकामाचे टाके मोजत होती.

रात्रभर मला ते "अरेरे" ऐकू येत राहिलं. म्हणून सकाळी, नोलीन लग्नासाठी केस धुवायला पार्काच्या न्हाणीघरात गेली, तेव्हा मी बॉनेट उघडलं. एरवी आधी मी अंघोळीला जातो, वर्तमानपत्र घेऊन, आणि पाऊण तासाने परततो. त्या दिवशी केसांमुळे क्रम उलटा झाला. जगातली बरीच संकटं क्रम उलटा झाल्याने येतात.

बॉनेटखाली मला इंजिन दिसलं. आमची ही पहिलीच भेट. मॅन्युअलमधल्या चित्रावरून पिवळ्या कडीची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, सापडली. पुस्तकात लिहिलं होतं : पट्टी काढा, पुसा, परत घाला, परत काढा. ऑइल खालच्या आणि वरच्या खुणेच्या मधे असावं. मी काढली, पुसली, घातली, काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, अगदी टोकाला, काजळाच्या बोटाएवढं.

एकतीस वर्षं पातळ्या लिहिलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. दुष्काळ!

(त्याच पानावर वर ठळक अक्षरांत "गाडी सपाट जागी उभी असावी" असं छापलं होतं. ते मी नंतर वाचलं. आमची जागा उताराची होती, म्हणून आदल्या संध्याकाळी मीच पुढची चाकं ठोकळ्यांवर चढवली होती, गरजेपेक्षा दुप्पट उंच. साहजिकच सगळं ऑइल मागे जाऊन बसलं होतं आणि पट्टी होती पुढे.)

मागच्या कप्प्यात ऑइलचा पाच लिटरचा कॅन सापडला, थोडासाच वापरलेला. गाडीच्या आधीच्या मालकाने ठेवला असणार. भला माणूस! मी स्वयंपाकघरातून नोलीनचं जॅम भरायचं नरसाळं आणलं आणि एक लिटर ओतलं. लगेच पट्टी पाहिली. टोकालाच. आणखी एक ओतलं. फारसा फरक नाही. आता, ऑइल हे मधासारखं निवांत उतरतं, त्याला दहा मिनिटं द्यावीत, हेही पुस्तकात होतं. पण नोलीन यायच्या आत मला सगळं उरकायचं होतं. बिचारं इंजिन चार वर्षांचं तहानलेलं, असं म्हणत मी उरलेला कॅन रिकामा केला. बॉनेट मिटलं, नरसाळं धुऊन जागेवर ठेवलं आणि खुर्चीत बसून दूरवर बघू लागलो, जबाबदार माणसं बघतात तसा.

नोलीन आली. "इतका खूश का दिसतोयस?"

"काही नाही. आयुष्य आपल्या हातात आहे असं वाटतंय."

"बरं. शिडी आत घे."

आठ वाजता निघालो. केकची पेटी नोलीनच्या मांडीवर. साधारण पंधरा किलोमीटर गेल्यावर गाड्यागाड्यांत बोलायचा रेडिओ खरखरला. मागून येणारा ट्रकवाला होता.

"ओ पांढऱ्या मोटरहोमवाले काका, आत काही भाजताय का?"

मी आरशात पाहिलं. मागे रस्ता नव्हता. ट्रक नव्हता. आकाशही नव्हतं. पांढरानिळा धूर तेवढा होता.

"नेव्हिल," नोलीन म्हणाली, "बाजूला घे आणि इंजिन बंद कर. आत्ता."

"धुकं असेल."

"नेव्हिल."

मी बाजूला घेतली. सपाट, खडीची मोकळी जागा होती. नोलीनने केक माझ्या मांडीवर ठेवला आणि ती खाली उतरली. केक सांभाळत मीही मागोमाग उतरलो. तिने बॉनेट एका हाताने उघडलं. (मला सकाळी खटका शोधायलाच बारा मिनिटं लागली होती.) घड्याळ लावून दहा मिनिटं थांबली. मग पट्टी काढली, पुसली, घातली, काढली, आणि माझ्यासमोर धरली. वरच्या खुणेच्या पुढे, आणखी वर, जिथे पट्टीवर काहीच छापलेलं नसतं तिथपर्यंत, काळंभोर ऑइल. धरण भरून वाहत होतं.

"किती ओतलंस?"

"कशावरून मीच—"

"किती?"

"कॅन."

"अख्खा?"

"चार लिटर असेल. तो आधीच्या मालकाने ठेवला होता तो."

"तो मी ठेवला होता. गेल्या महिन्यात घेतला." तिने पट्टी जागेवर बसवली. "काल सेडुनाच्या पंपावर, तू सॉसेज रोल आणायला गेलास ना, तेव्हा बघितलं होतं मी. बरोबर वरच्या खुणेवर होतं."

"तू? बघितलंस?"

"रोजच बघते. तू अंघोळीला गेलास की. जागा उताराची असली तर वाटेतल्या पंपावर."

"रोज? चार वर्षं?"

"आणि लागेल तसं घालते. हजार किलोमीटरला अर्धा लिटर खातं ते, नेव्हिल. चांगलं खादाड आहे."

मी केक घेऊन उभा होतो. पर्थपासून टाउन्सव्हिलपर्यंत किती पार्कांत, किती खुर्च्यांच्या गोलात मी ते इंजिन मिरवलं होतं, ते एकेक करून आठवू लागलं.

"मग बोलली का नाहीस कधी?"

नोलीनने हात पुसले. "गॉर्डनकडे रेल्वे आहे. त्या दाढीवाल्याकडे मगर आहे. तुझ्याकडे सांगायला तेवढं एकच होतं. ते कशाला काढून घेऊ?"

मी म्हणालो, "केक जड आहे गं."

तेवढ्यात गॉर्डन आणि त्याची बायको त्यांच्या गाडीतून मागून आले. धुराचा माग काढत आले होते. गॉर्डनने पट्टी पाहिली आणि शीळ घातली.

"असाच चालवत राहिला असतास तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन सुटलं असतं, गड्या. किल्ली काढली तरी थांबत नाही मग. फुटेपर्यंत पळतं. आधी बाहेर काढ ते."

"खालचा बोल्ट सैल करतो," मी म्हणालो.

"नको!" ते तिघेही एकदम म्हणाले.

खालचा बोल्ट काढला की सगळंच वाहून जातं, आणि आमच्याकडे धरायला होतं पुडिंगचं पातेलं. वरून, पट्टीच्याच नळीतून, ओढून काढणं हाच मार्ग. गॉर्डन घरी बिअर बनवतो, त्याच्याकडे बारीक लांब नळी निघाली. ओढायला काय? आम्ही चौघांनी विचार केला. मग नोलीन आत गेली आणि सिरिंज घेऊन आली. केकची.

"नोलीन, केकचा आजचा डोस?" मी विचारलं.

"चमच्याने पाजीन. ओढ."

त्या सिरिंजमध्ये एका वेळी साठ मिलिलिटर मावतं. चार लिटरला किती वेळा, हा हिशोब मी तोंडी केला आणि पुन्हा करून पाहिला. सदुसष्ट. मी ओढायला लागलो. ओढायचं, रिकाम्या कॅनमध्ये सोडायचं, परत ओढायचं. ऑइल मधासारखं निवांत चढतही होतं. माश्यांना माझे दोन्ही हात अडकलेत हे कळलं आणि त्यांनी ते नातेवाइकांना कळवलं.

नुलारबोरच्या त्या उजाड माळाकडे झाड उगवत नाही, पण बॉनेट उघडं दिसलं की सल्लागार उगवतात. दहा वाजेपर्यंत सहा गाड्या थांबल्या होत्या. खुर्च्या निघाल्या, चहा झाला.

"काय झालंय?" नवा आलेला प्रत्येक जण विचारायचा.

"ऑइल थेंबभर खात नव्हतं," गॉर्डन सांगायचा, "म्हणून त्याने भरवलं."

"कोपर खाली घ्या काका," एक बाई म्हणाली. "माझे मिस्टर पण असेच करायचे."

"आता?"

"आता गाडीला हात लावू नका, असं सांगितलंय मी त्यांना."

नोलीन विणत मोठ्याने मोजत होती. "एकोणचाळीस. चाळीस." एक्केचाळीसला कुणीतरी तिला बिस्किट दिलं आणि आकडा चुकला. मग तिने पट्टी बघत बघत मला ओढायला लावलं. माझा अंगठा सुजला. शर्टाबद्दल बोलायला नको. बारा वाजून दहा मिनिटांनी ऑइल वरच्या खुणेच्या केसभर खाली आलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान झुकवली. टाळ्या नोलीनला होत्या.

गाडी सुरू केली. आठदहा किलोमीटर ती धूर सोडत राहिली, मग निवळली. पण चार तास गेले होते, एस्परन्स चौदाशे किलोमीटरवर होतं आणि सूर्य मावळल्यावर त्या रस्त्यावर गाडी हाकू नये, कारण तेव्हा तो कांगारूंचा असतो. पश्चिमेकडची राज्यहद्द ओलांडली की घड्याळ दीड तास मागे जातं. गेलेल्या चार तासांतले दीड सरकारने मला परत दिले. अडीच मात्र माझ्या खात्यावरच राहिले. गुरुवारी आम्ही उजाडल्यापासून मावळेपर्यंत गाडीतच होतो. नोलीन एकदाच बोलली. "वेग," एवढंच. तो वाढवायचा होता की कमी करायचा, हे विचारायची हिंमत झाली नाही. आहे तोच ठेवला.

शुक्रवारी दहा वाजून वीस मिनिटांनी पोचलो. नोलीनच्या धुतलेल्या केसांत अर्ध्या खंडाची धूळ होती. तिने वर टोपी घातली आणि ती करवली झाली. मर्ल छान दिसत होती. लग्नाच्या प्रत्येक फोटोत माझे हात पाठीमागे आहेत. केकबद्दल सांगायचं तर नवऱ्या मुलाने (वय वर्षं चौऱ्याहत्तर) दुसरा तुकडा मागून घेतला, आणि सिरिंजचा विषय आम्ही काढला नाही.

इथे संपलं असतं. पण गॉर्डनकडे रेडिओ होता, आणि आता त्याच्याकडे रेल्वेपेक्षा चांगला विषय होता. संध्याकाळी आम्ही एस्परन्सच्या कॅरॅव्हान पार्कात उतरलो तेव्हा ऑफिसातल्या बाई नोलीनची वाटच बघत होत्या.

"तुम्हीच ना त्या ऑइलवाल्या? आमच्या पार्कात अकरा बायकांना शिकायचंय. नवरे म्हणतात, आम्ही बघतो."

"कधी बघतात?" नोलीनने विचारलं.

"तेच तर!"

शनिवारी सकाळी फलकावर खडूने लिहिलेलं होतं : इंजिन ऑइल कसं तपासावं, कसं घालावं. शिकवणार नोलीन हॅड्रिक. दहा वाजता, सपाट जागेत. फडक्याची सोय आहे.

पावणेदहाला मी जुन्या चादरीचे तुकडे घेऊन बॉनेटपाशी उभा राहिलो. पहिली आलेली बाई हातात वही घेऊन होती. तिने इंजिन पाहिलं, फलक पाहिला, मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"फडक्याची सोय म्हणजे तुम्हीच ना?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो.