भांडी घासा, गोळी सोडा

दोन ओळी कापल्या, एवढंच माझं पाप. पेपरात मी विज्ञानाचं पान लावतो (शाळेत विज्ञानात पस्तीस मार्क होते, पण ऑफिसात ते कुणी विचारलंच नाही). परवा बातमी नऊ ओळींची आणि जागा सात ओळींची. आमच्याकडे बातमी कायम शेवटाकडून कापतात. तशी ती कापली, वर 'भांडी घासा, रक्तदाब पळवा' असं दणदणीत शीर्षक ठोकलं आणि समाधानाने घरी गेलो.

आज सकाळी उठतो तो सासरे सिंकपाशी. सासरे निवृत्त बॉयलर इन्स्पेक्टर, महिनाभर आमच्याकडे राहायला आलेले. कोपरापर्यंत फेस, आणि घासलेलीच भांडी ते पुन्हा घासत होते.

"पेपर वाचून बाबांनी कालपासून गोळी बंद केलीय," बायको रडकुंडीला आली होती. "आत्ता मोजलं. वरचं एकशे ऐंशी."

मी त्यांच्या गोळ्यांची डबी घेऊन सिंकपाशी धावलो.

"बाबा, आधी गोळी घ्या."

"जावईबापू, प्रेशर मला शिकवू नका. चाळीस वर्षं बॉयलर तपासलेत. अजून चार पातेली झाली की उतरेल."

"अहो, तो प्रयोग फक्त सात माणसांवर झालाय."

"पेपरात तसं नाही."

"खर्च साबणाच्या कंपनीने केलाय. आणि नुसतं खुर्चीत बसवलेल्यांचंही प्रेशर तेवढंच उतरलं होतं."

"तेही पेपरात नाही." त्यांनी कुकर ओढला. "छापलेलं खरं मानू, की तुमचं?"

"तुम्हाला हे सगळं कुठून कळलं?" बायकोने विचारलं.

आली का पंचाईत. लग्नापासून मी घरात सांगत आलो होतो, की मी अग्रलेख लिहितो (लिहिणाऱ्याच्या शेजारी बसतो, हे मात्र खरं आहे). खरं बोललो तर पंधरा वर्षांची अब्रू त्या फेसाबरोबर वाहून जाणार, आणि गप्प बसलो तर सासरे हातचे जाणार. मला मनापासून भीती वाटली.

"बाबा, ती बातमी मीच लावली," मी एका दमात सांगून टाकलं. "मी अग्रलेख वगैरे काही लिहीत नाही. जागेसाठी हेच सगळं कापलं. शीर्षकही माझंच. चुकलं माझं."

सासऱ्यांनी नळ बंद केला, हात पुसले, चष्मा लावून बातमी पुन्हा वाचली. मग डबी उघडून गोळी तोंडात टाकली.

मला भरून आलं. "बाबा, शेवटी माझ्यावर विश्वास ठेवलात."

"विश्वास कसला?" ते पाणी पीत म्हणाले. "तुम्ही लिहिलंय हे कालच सांगितलं असतंत, तर मी एक चमचातरी घासला असता का?"