शंकरतात्यांचं पाळीपत्रक

शंकरतात्यांच्या घरी माशांच्या काचेच्या टाकीवर पाळीपत्रक चिकटवलेलं होतं. सरकारी कागद, लाल शाईच्या रेघा, खाली झोकदार सही. 'सकाळी सहा ते बारा : जोडी. दुपारी बारा ते सहा : उरलेले. रात्री टाकी बंद.' माशांना वाचता येत नाही, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "निम्म्या बागायतदारांस्नी तरी कुठं येतंय, मास्तर?" तात्या म्हणाले. "पण लावावं लागतंय."

ही पंचावन्न सालच्या आसपासची गोष्ट. तात्या बारामतीच्या कालवा कचेरीत कारकून होते, मी शाळामास्तर, आणि आमच्या घरांमध्ये एकच भिंत. कालव्याचं पाणी कुणाला कोणत्या दिवशी आणि किती तास मिळणार, हे ठरवण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. वडगाव निंबाळकरापासून काटेवाडीपर्यंत जी काही डोकी फुटत ती पाण्यावरून फुटत. तात्यांनी पाळी लावून दिली की पट्ट्या बांधलेली माणसं गपगुमान घरी जात. त्यामुळं जगातलं प्रत्येक भांडण मुळात पाण्याचंच असतं, अशी त्यांची पक्की खात्री झाली होती. माझी दोन पोरं पाटीवरून भांडायला लागली तरी भिंतीपलीकडून आवाज येई, "पाळी लावून देऊ का?"

तात्यांचं लग्न झालेलं नव्हतं. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ दिनकर पाच वर्षांचा होता. त्याला न्हाऊ-माखू घालण्यापासून सायकलच्या दुकानात नोकरीला लावण्यापर्यंत सगळं तात्यांनी केलं. लग्नाचं कुणी विचारलंच तर म्हणत, "पाळीत बसलं न्हाय." ते हसत म्हणत, म्हणून आम्हीही हसत असू.

कालव्याचे एक साहेब बदलून गेले तेव्हा जाताना त्यांनी ही टाकी तात्यांना दिली. लोखंडी चौकट, दोन हात लांब काचा आणि आत आठ पिवळे, बोटाएवढे मासे. ही सिक्लिडची जात, एवढंच साहेबांनी सांगितलं. तात्यांनी टाकी पुढच्या खोलीत आपल्या खाटेशेजारी ठेवली. कचेरीतून आले की टोपी खुंटीला, गांडुळं टाकीला आणि मग चहा, असा क्रम सुरू झाला. दोन महिने मासे गुण्यागोविंदानं नांदले.

मग आठातल्या दोघांचं जमलं. ते एकमेकांभोवती फिरू लागले, त्यांचा पिवळा रंग गडद झाला, आणि कोपऱ्यातल्या कौलाच्या तुकड्याखाली दोघांनी ठाण मांडलं. इथवर तात्या खूश होते. त्यांनी मला बोलावून दाखवलंसुद्धा. पण त्या दिवसापासून जोडीनं बाकीच्या सहांचं जिणं हराम केलं. कुणी कौलाकडं नुसतं तोंड केलं तरी दोघं तुटून पडत. आठवड्यात दोन मेले. उरलेले चार फाटक्या शेपट्या घेऊन वरच्या कोपऱ्यात दाटीवाटीनं उभे राहत.

"ह्येंच्या आयला," तात्या म्हणाले, "पाणी कमी पडतंय."

त्यांनी आधी चार बादल्या पाणी वाढवलं. भांडण तसंच राहिलं. तेव्हा पाळीपत्रक लागलं. जोडी टाकीत असताना चौघांनी मातीच्या डेऱ्यात थांबायचं आणि चौघं टाकीत असताना जोडीनं. रात्री सगळे आपापल्या डेऱ्यात. सकाळची आणि संध्याकाळची बदली तात्या स्वतः करत. दुपारी बाराची बदली मात्र शेवंतावर आली.

शेवंता म्हणजे दिनकरची बायको. काटेवाडीच्या भाजीपाला करणाऱ्या घरातली, हाताला चपळ आणि बोलायला स्पष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. थोरल्या दिराशी थेट बोलायची रीत नव्हती, म्हणून तात्यांना काही सांगायचं असलं की ती चुलीकडं तोंड करून सांगे. तात्याही उत्तर टाकीला देत. चूल आणि टाकी यांचा असा संवाद मी पुष्कळदा भिंतीआडून ऐकलेला आहे.

रोज बाराला तव्यावरची भाकरी टाकून फडक्यात मासे पकडायचे म्हणजे तिचा जीव मेटाकुटीला येई. आणि प्रत्येक बदलीनंतर जोडी आणखीच पिसाळे. परत टाकीत आली की आधी कौल तपासायची आणि मग काचेतल्या आपल्याच सावलीला धडका द्यायची. एका दुपारी तात्या जेवायला घरी आले होते, तेव्हा शेवंताचा बांध फुटला.

"चुले, थोरल्या दादांना कुणीतरी सांग गं," ती म्हणाली. "ही भांडणं पाण्याची न्हाईत. त्यांना अंडी घालायची हायत. त्यांना त्यांचं घर पायजे. बाकीच्यांस्नी दुसरीकडं ठिवा, म्हंजी ती बी जगतील."

तात्यांनी घास हातात धरून टाकीकडं बराच वेळ पाहिलं. मग उठले, चार मासे फडक्यात घेतले आणि परसातल्या दगडी डोणीत सोडून दिले. पाळीपत्रक त्यांनी स्वतःच्या हातानं फाडलं. वीस वर्षांत फाडलेलं पहिलंच असणार.

दुसऱ्या दिवसापासून टाकी शांत झाली. जोडीनं कौलाला अंडी चिकटवली आणि दोघं आळीपाळीनं परानं वारा घालत बसली. डोणीतल्या चौघांच्या शेपट्याही भरून आल्या. तात्या मला म्हणाले, "काय शानी हाय बघा आमची सूनबाई. आमाला इतक्या वर्सांत कळलं न्हाय." सूनबाई म्हणताना त्यांचा चेहरा खुलला होता.

पण घरातलं मात्र निवळेना. खोल्या दोनच. पुढं तात्यांची खाट, मागं चूल आणि तिथंच नवरा-बायकोचा बिछाना. तात्या घरात असले की शेवंताला मोठ्यानं हसता येत नसे आणि दिनकरला तिच्याशी दोन शब्द बोलता येत नसत. साचलेलं मग भांड्यांवर निघे. त्या दोघांची भांडणं मला ऐकू येत, तशी तात्यांनाही येत असणार. एक दिवस शेवंता माहेरी निघून गेली, आणि वेगळी खोली घेतल्याशिवाय येणार नाही म्हणाली. दिनकर तात्यांना सोडून जायला तयार नव्हता. तिच्याशिवाय राहायलाही तयार नव्हता. तो जेवेनासा झाला.

चार दिवसांनी तात्या माझ्याकडं एक अर्ज घेऊन आले. इंदापूरला बदली मागितली होती. तिकडं जायला कचेरीत कुणी राजी नसे. कारणापुढं लिहिलं होतं, 'बारामतीची हवा मानवत नाही.'

"तात्या, जन्म इथं गेला तुमचा," मी म्हणालो.

"टाकी ल्हान हाय, मास्तर," ते म्हणाले. "त्यात त्या दोघांचा काय गुन्हा? तेवढं शुद्धलेखन बघा."

मी शुद्धलेखन पाहिलं. दुसरं काही करणं मला सुचलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

बदली लगेच मंजूर झाली. घरी त्यांनी सरकारी हुकूम आल्याचं सांगितलं आणि मला डोळ्यानं गप्प केलं. मग स्वतः काटेवाडीला गेले. शेवंताच्या वडलांना म्हणाले, "मला सरकारनं हलवलंय. घर उघडं पडलंय, लेकीला धाडून द्या, लई उपकार व्हतील." व्याह्यांना उलट आपणच मदत करतोय असं वाटलं. शेवंता दुसऱ्या दिवशी आली. तात्या एक वळकटी आणि एक ट्रंक घेऊन इंदापूरच्या मोटारीत बसले. टाकी त्यांनी नेली नाही.

सात-आठ महिन्यांनी कामानिमित्त मला इंदापूरला जायचं होतं. शेवंतानं तात्यांसाठी भाकऱ्या, ठेचा आणि वांग्याचं भरीत बांधून दिलं. तिला सातवा महिना होता. "यंदा दिवाळीला या म्हणावं," ती म्हणाली. "दर खेपंला कामाचं सांगत्यात."

तात्यांची खोली झाडून-पुसून लख्ख होती. मला पाहून ते इतके आनंदले की पाणी द्यायचंच विसरले. दिनकरचा खोकला गेला का, शेवंता जड उचलत तर नाही ना, टाकीतली पिल्लं किती मोठी झाली, सगळं दोन-दोनदा विचारून झालं. मी निरोप सांगितला.

"काम हाय हो," ते म्हणाले.

"तात्या, अर्ज मी वाचलाय. माझ्याशी तरी खरं बोला. मोटारीनं किती वेळ लागतो?"

तात्या धोतराचा सोगा नीट करत राहिले.

"एकदा आलो व्हतो," ते म्हणाले. "स्टँडावरनंच माघारी फिरलो. घरात पाय ठिवला की ऱ्हावंसं वाटणार, मास्तर. आणि मी ऱ्हातो म्हटलं की ती दोघं मला जाऊ द्यायची न्हाईत."

मी शेवंतानं दिलेलं फडकं सोडलं, भाकरी त्यांच्यापुढं ठेवली आणि त्यांच्याबरोबर जेवायला बसलो.