गावंडे मास्तरांची गोल पंगत

गावंडे मास्तर भाकरीला हात लावण्याआधी दोऱ्याने तिचं माप घेत. मधोमध बोट ठेवून काठापर्यंत दोरा ताणायचा, तेवढाच दोरा काठाकाठाने फिरवत सहा खुणा करायच्या, मग सहा सारखे तुकडे. तोवर भाजी गार. दोरा सदऱ्याच्या खिशात खडूशेजारीच असे, त्यामुळे भाकरीला पांढरी पूडही लागे. मी एकदा बोललो तर म्हणाले, "खडूनं कोणी मेलं काय आजवर?"

पुसदच्या आमच्या शाळेत ते भूमिती शिकवत, मी मराठी. शिकवत कसले, छळत. रस्त्यात विद्यार्थी दिसला की कोडं. "पंचकोनी फरश्या, साऱ्या बाजू सारख्या. एका बिंदूभोवती तीन मांडल्या. फट किती अंशाची राह्यते?" पोरगं बिचारं मिठाची पुडी घेऊन घरी निघालेलं, ते तिथंच बोटांवर हिशेब करत उभं. छत्तीस म्हणालं तर सुटका. नाहीतर "केंद्र धर पयले, केंद्र" म्हणत मास्तर भर रस्त्यात धुळीत आकृती काढायला बसत. मागे बैलगाड्या खोळंबत. तरी पोरं त्यांच्यावर जीव का टाकत, हे मात्र मला कधी कळलं नाही.

अशातच माझ्या धाकट्या बहिणीचं, कमलचं लग्न ठरलं. वऱ्हाड मारेगावकडचं. कापसाची शेती मोठी आणि मानपान त्याहून मोठा. नवरदेवाचे मामा तर नाकावर माशी बसू न देणारे. आमचे वडील नव्हते, सगळा भार माझ्यावर. पंगतीचं काम मास्तरांनी आपण होऊन मागितलं आणि मी सुटलो म्हणून खूश झालो.

लग्न लागलं. वऱ्हाड्यांना जेवायला घेऊन आलो आणि पाहतो तो काय, मांडवात मधोमध खुंटी, खुंटीला दोर आणि भोवती चोवीस पाट गोल मांडलेले. अकरावीची पोरं बुंदीच्या टोपल्या घेऊन आत उभी.

"चोवीस बाजूचा नियमित बहुभुज हाय," मास्तर मला कौतुकानं सांगू लागले. "हरेक पाटाले पंधरा अंश. बाजू वाढोत गेलं का थो वर्तुळाच्या जवळ जवळ येते. पोरायनं सोताच सोडवलं."

मामा जागीच थांबले. आमच्याकडे पंगत सरळ रांगेत बसते. पहिला पाट मानाचा, तिथून मान उतरत जातो.

"आमचा मानाचा पाट कोनता?"

"यात पयला पाटच नाई, मामासाहेब."

"मंग आमी कायले बसाचं? चला रे, बैल जुंपा."

व्याही न जेवता गेले म्हणजे कमलनं जन्मभर सासरी ते ऐकायचं. ती दाराआडून पाहत होती, चेहरा पांढराफटक. मला मास्तरांचा असा संताप आला की त्याच दोरानं त्यांना खुंटीला बांधावं.

मास्तरांनी हात जोडले. "मामासाहेब, चूक माही हाय, पोरीले बोल लावू नोका. मी लहानपनी लोकायच्या घरी वार लावून जेवलो. लग्नात मले शेवटच्या पाटावर बसवत. बुंदी माह्यापर्यंत येईस्तोवर टोपलं रिकामं होये. म्या लय आकृत्या काढून पाह्यल्या. ज्यात शेवटचा पाट नाई, अशी हेच एक सापडली."

इतकी वर्षं मी या माणसाच्या शेजारी खुर्ची टाकून बसत होतो आणि मला हे ठाऊक नव्हतं.

मामांनी वहाणा काढल्या. एका पाटावर बसले आणि डावीकडचा पाट थोपटला.

"बसा मास्तर."

"मी वाढतो ना."

"बसा म्हन्लं ना. पोरंहो, मास्तरापासून सुरू करा अन् तिकून फिरत या."

बुंदीवाल्या पोरानं जरा थांबून हिशेब केला. "मामाजी, मंग तर शेवटचे तुमी."

"समजते मले," मामा म्हणाले. "वाढ."

मास्तरांच्या पत्रावळीवर पहिली बुंदी पडली. त्यांनी तिला हात लावला नाही. टोपली एकेका पाटापुढून सरकत होती आणि मास्तरांची नजर तिच्या मागून. शेवटी ती मामांपुढे आली. चांगली ओंजळभर बुंदी पडली, आणि टोपलीत अजून बरीच उरली होती. तेव्हा कुठे मास्तरांनी डोळे पुसले आणि जेवायला सुरुवात केली.